फटक्याआधी उडालेला पाय

"तू नगं. ती दुसरी सिस्टर बोलाव. गोरी."

गयाबाई हे माझ्या तोंडावर म्हणाली. मी बीपीचा पट्टा हातात धरून तिच्या लेकीच्या खाटेपाशी उभी होते. लेक सिंधू डोळे मिटून पडलेली. झटके येत असतानाच तिला जीपमध्ये घालून आणलं होतं, पहाटे ती मोकळी झाली, आणि मूठभर पोर आत काचेच्या पेटीत ठेवलेलं. एवढ्या सगळ्या धबडग्यात गयाबाई दुपारपर्यंत एक गोष्ट पक्की शिकली होती, की दवाखान्यात सिस्टर दोन जातीच्या असतात.

"मावशी, बीपीच बघायचंय. त्याला गोरं लागत नाही," मी म्हटलं.

"राग नको धरू माय. तिचा हात हलका हाय, म्हनून म्हनले."

पलीकडच्या खाटेवरची बाळंतीण तोंडावर पदर धरून हसली. मी पट्टा सिंधूच्या उशाशी टाकला आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "चित्रा! ये गं बाई. तुझं गिऱ्हाईक."

चित्रलेखा सोनटक्के आली. ती कधी धावत नसे, पण तिला उशीरही होत नसे. पांढरा गणवेश कडक इस्त्रीचा, छातीवर उलटं लावलेलं घड्याळ, अंबाडा असा की एक केस बाहेर नाही. माझा गणवेश वरच्या वर्गातल्या मुलीनं पास होऊन जाताना दिलेला. कमरेत दोन सेफ्टीपिना लावून मी तो माझ्या मापाचा केला होता.

"काय मावशी, कशी आहे आमची सिंधू?" चित्रानं विचारलं, आणि गयाबाईचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला.

आम्ही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. जिल्ह्याचा मोठा दवाखाना, त्यालाच लागून शाळा आणि होस्टेल. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या बायांनी मला शिकवलंही आणि सोललंही.

मी चित्रावर जळत होते. हे असंच लिहायचं असतं. "थोडंसं वाईट वाटायचं" वगैरे भाषा ज्यांना शोभते त्यांनी ती वापरावी. ती हसली की माझ्या पोटात आग पडायची. तिचं इंग्रजी, तिची डबीतली खोबऱ्याची वडी, डॉक्टरांनी तिला नावानं हाक मारणं आणि मला "ए, ती कोण, तुपसमिंदर" म्हणणं, या सगळ्याचा मला त्रास व्हायचा. भेटीच्या रविवारी माझी आई आली होती. मी तिला चहा आणायला गेले आणि परत येऊन बघते, तर आईनं चित्राच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "काय सोन्यासारखी लेक हाय," म्हणाली. माझ्यावरून आईनं जन्मात कधी बोटं मोडली नव्हती. माझी दृष्ट काढावी असं बहुतेक तिला काही दिसलं नसावं.

टीचरकडे मी दोनदा तक्रार केली होती. एकदा, चित्राच्या वाट्याला बेडपॅन येत नाहीत म्हणून. दुसऱ्यांदा, परीक्षेच्या आधी तिला तुम्ही घरी बोलावून शिकवता, आम्हाला का नाही, म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पारखे टीचरनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "द्वारका, अभ्यासापेक्षा तुझं लक्ष तिच्यातच जास्त. तिसऱ्यांदा चित्राचं नाव घेऊन माझ्यापुढं आलीस तर बिस्तरा बांधायचा आणि घर गाठायचं."

घर गाठायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मामाचा पोरगा तयारच होता. पानटपरीवर बसून दिवस काढायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमची द्वारका परत येती का न्हाई बघा." शाळा सुटली असती तर पंधरवड्यात माझ्या कपाळावर अक्षता पडल्या असत्या. एवढंच माझ्यापुढं होतं. ही शाळा, नाहीतर तो.

आता त्या औषधाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गरोदरपणात बीपी चढून झटके आले की मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. कुल्ल्यात, खोल, दर चार तासांनी. ते झटके थांबवतं. जास्त झालं तर बाकीचंही थांबवतं. पारखे टीचर वर्गात फळ्यावर काही न लिहिता नुसत्या बोलायच्या, आणि ते डोक्यात रुतून बसायचं. "आधी गुडघा गप्प होतो, मग श्वास गप्प होतो, मग बाई गप्प होते. म्हणून प्रत्येक सुईच्या आधी गुडघा बघायचा. वाटीच्या खालच्या नसेवर फटका मारला की पाय उडाला पाहिजे. श्वास मोजायचा, पूर्ण मिनिट. लघवी किती झाली ते बघायचं, कारण औषध बाहेर पडतं ते त्याच वाटेनं. तिन्हीतलं एक जरी बिनसलं, तरी सुई द्यायची नाही, डॉक्टरला बोलवायचं. समजलं?"

समजलं, आम्ही सगळ्या कोरसात म्हणायचो.

गुडघा तपासायच्या वॉर्डातल्या हातोडीचं रबर कधीच पडून गेलं होतं. म्हणून टीचरनी हाताच्या कडेनं फटका मारायला शिकवलं. बाकावर एकीला बसवलं, पाय लोंबते सोडायला लावले. आमचे फटके कुठंही पडत होते. चित्राचा पहिलाच फटका बरोबर बसला. "बघा, हात बघा हिचा," टीचर म्हणाल्या. मी बघितला. ती हात वर न्यायची, वर गेला की क्षणभर हवेत थांबवायची, मनगट सैल सोडायची, आणि मग टाकायची. होस्टेलच्या गच्चीवर बसून मी स्वतःच्या गुडघ्यावर तो फटका इतक्या वेळा मारला की तिथं निळं झालं. ते हवेत थांबणं मला काही जमलं नाही. पण ते किती थांबतं, हे मला तिच्याइतकंच ठाऊक झालं.

तर त्या दुपारी सिंधूच्या सुईची वेळ झाली. इन्चार्ज ससाणे सिस्टर टेबलापाशी बसून कापसाचे बोळे वळत होत्या. मी समोरच्या खाटेवरच्या बाईचं बीपी घेत होते. म्हणजे पट्टा तिच्या दंडावर होता. नजर चित्रावर होती. नेहमीचंच होतं ते.

चित्रानं ट्रे ठेवला, घड्याळ धरून मिनिटभर सिंधूचा श्वास मोजला. सिंधूच्या गुडघ्याखाली डावा हात घालून पाय थोडा वर घेतला. गयाबाई पायथ्याशी बसून लेकीचे पाय चेपत होती, आल्यापासून तेच करत होती. तिचे हात चादरीखाली, लेकीच्या घोट्यांवर.

"घाबरायचं नाही हं मावशी," चित्रा गयाबाईकडे बघून हसत म्हणाली. पेशंटच्या माणसांशी असं डोळ्यांत बघून बोलायची तिची पद्धत. म्हणूनच तर ती सगळ्यांना हवी असायची. "आता बाळ बघायला जायचंय ना?"

तिचा उजवा हात वर गेला. हवेत थांबला.

सिंधूचा पाय उडाला.

मग हात पडला.

"गुडघा आहे, सिस्टर," चित्रा म्हणाली.

"श्वास?"

"सोळा."

"लघवी?"

चित्रानं खाटेच्या दांडीला टांगलेली पिशवी बघितली. "आहे. भरपूर आहे."

"मग दे."

मी रबराचा फुगा दाबायची थांबले. खाटेवरची बाई म्हणाली, "सिस्टर, हात आवळला ना माझा." मी हवा सोडली. माझ्या डोळ्यांपुढं तोच पाय पुन्हा पुन्हा उडत होता. आधी पाय, मग हात. फटका खायच्या आधी गुडघा कसा उडेल?

चित्रानं काचेची मोठी सिरिंज भरून आणलेली होती. गयाबाईच्या मदतीनं तिनं सिंधूला कुशीवर केलं.

बोलले तर तिसऱ्यांदा चित्राचं नाव. बिस्तरा, एसटी, मामाचा पोरगा. आणि गप्प राहिले तर? तर चित्रा संपली. सुई तिच्या हातची, गुडघा तिनं बघितलेला, मोठ्यानं सांगितलेला. उद्यापासून हिचा हात बघा, हिचा अंबाडा बघा, असं कुणी म्हणालं नसतं. हा विचार मला आला. स्पष्ट, शब्दांसकट आला. मी काही देवळातली मूर्ती नाही.

पण लगेच दुसरंही दिसलं. सिंधू मेली असती तरी सगळ्यांनी चित्रालाच मिठीत घेतलं असतं. पोरगी कशी कोसळलीय बघा, जेवत नाही, झोपत नाही, तिला सांभाळा. सिंधूच्या मरणावरही माया चित्रालाच मिळाली असती. आणि कुशीवर वळवलेल्या सिंधूचं तोंड माझ्याकडं झालं होतं. खालचा ओठ लोंबत होता. लाळ ओघळत होती आणि ती गिळत नव्हती.

"थांब," मी म्हणाले.

चित्रानं स्पिरिटचा बोळा फिरवला. तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी माझा आवाज ऐकायची तिला सवय नव्हती.

"चित्रा, थांब! पाय आधी उडाला. तू नंतर मारलंस."

ससाणे सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "झालं हिचं सुरू."

"सिस्टर, खरं सांगते. हिचा हात वरच होता. पाय आपसूक नाही उडाला. मावशीनं उडवला."

"म्या?" गयाबाई दचकली. "म्या तर पाय चेपायलेय."

"द्वारका, आत्ता नको," चित्रा दबक्या आवाजात म्हणाली. "ड्यूटी संपल्यावर भांड माझ्याशी. हवं तेवढं भांड." आणि तिनं सुई रोखली.

मी दोन खाटांमधली जागा कशी ओलांडली ते आठवत नाही. मी तिचं मनगट धरलं. ती ओढायला लागली, मी सोडेना, आणि सिरिंज फरशीवर पडून फुटली. औषध माझ्या चपलेवर सांडलं. सगळा वॉर्ड उठून बसला. आत पेटीतली पोरं रडायला लागली.

"जळकुटे!" ससाणे सिस्टर उभ्या राहिल्या. "पेशंटच्या अंगावर मारामारी करतेस? बिस्तरा बांध. आत्ताच्या आत्ता बांध तू."

"बांधते," मी म्हटलं. "आधी गुडघा बघा."

कुणी गुडघ्याकडं बघेना. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"बांधते म्हटलं ना! बांधते, जाते, परत तोंड दाखवत नाही. पण गुडघा बघा गं कुणीतरी!"

चित्राच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती. ते चोळत ती माझ्याकडं बघत राहिली. मग खाली वाकली आणि गयाबाईला म्हणाली, "मावशी, जरा उठता का? पायाजवळून बाजूला व्हा."

"नगं," गयाबाई म्हणाली.

"मावशी, एक मिनिट."

"नगं, आधी सुई द्या. दुसरी भरून आना. मी न्हाई उठत." तिनं लेकीचे दोन्ही घोटे छातीशी आवळून धरले.

तेव्हा चित्राचा चेहरा पांढरा पडला. गोरी होतीच, पण हे पांढरं वेगळं होतं. मी गयाबाईला काखेत हात घालून उठवलं. तिनं मला बुक्क्या मारल्या, दोन खाल्ल्या मी. चित्रानं सिंधूला उताणी केलं, गुडघा उचलला आणि या वेळी न थांबता फटका मारला. पाय पडलेलाच. पुन्हा मारला. दुसऱ्या गुडघ्यावर मारला. ओल्या गादीवर मारल्यासारखा आवाज आला आणि पाय तसाच.

"सिंधू! ए सिंधू! जीभ दाखव."

सिंधूनं डोळे अर्धे उघडले. काहीतरी बोलली, पण जिभेत जोर नव्हता, नुसता घोगरा आवाज.

"सिस्टर, गुडघा नाहीये!" चित्रा ओरडली आणि धावत सुटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला धावताना बघितलं. अंबाडा सुटला होता.

मग सगळं भराभर झालं. ससाणे सिस्टरनी कपाटातलं कॅल्शियम काढलं, मॅग्नेशियमचा उतारा तोच असतो. डॉक्टर आले, शिरेतून हळूहळू दिलं, मी नाकाला ऑक्सिजन धरून श्वास मोजत बसले. श्वास सोळाचा तेरावर आला होता. डॉक्टरांनी लघवीची पिशवी हातात घेऊन विचारलं, "ही रिकामी कधी केली होती?"

ससाणे सिस्टरनी नोंदीची वही उघडली. पिशवीतली लघवी बरीचशी पहाटेची होती. सकाळपासून तिच्यात जवळजवळ काहीच पडलं नव्हतं. औषध आत साचत गेलं आणि आम्ही जुनी पिशवी बघून "भरपूर आहे" म्हणत गेलो.

संध्याकाळी सिंधूचा पाय उडाला. फटका बसल्यावर, आपला आपण उडाला. गयाबाई भिंतीला टेकून बसली होती, मीच तिच्याजवळ जाऊन बसले. बुक्क्यांनी बरगडी ठणकत होती.

"का केलंत मावशी असं?"

"सकाळच्या सिस्टरनी मारलं, तं पाय हलला न्हाई," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "ती म्हनली, हलला न्हाई तर सुई न्हाई. मंग पुन्यांदा मारलं, जरासा हलला, मंग दिली सुई. मला वाटलं, आता हलला न्हाई तर देनार न्हाईत. सुई न्हाई तर झटके येतेल. माझी थोरली झटक्यातच गेली गं. माझ्या मांडीवर." तिनं दोन्ही हातांनी घोटा उचलल्यासारखं करून दाखवलं. "म्हनून म्या असं केलं. तुमच्या हाताखाली जरा मदत."

आम्ही सगळ्या तिला मावशी मावशी करत होतो. गोरी चित्रा आणि काळी मी, दोघीही. पाय का बघतो हे मात्र तिला कुणीच सांगितलं नव्हतं. अडाणी बाईला काय सांगायचं!

पारखे टीचरना निरोप गेला होता. त्या घरून आल्या. ड्यूटीरूमचं दार लोटून त्यांनी ससाणे सिस्टरांचं सगळं ऐकून घेतलं. मी भिंतीपाशी उभी, चित्रा खिडकीपाशी. रडून तिचं नाक लाल झालं होतं. तशीही ती चांगलीच दिसत होती, आणि तेवढ्यातही मला त्याचा राग आला.

"तू कुठं होतीस?" टीचरनी मला विचारलं.

"समोरच्या खाटेपाशी. बीपी घेत होते."

"चित्रा खाटेला लागून. ससाणे सिस्टर टेबलाशी. त्यांना दिसलं नाही आणि तुला समोरून दिसलं?"

"हो."

"कसं?"

इथं एक चांगलं उत्तर तयार होतं. पेशंटवर माझं लक्ष होतं, टीचर, तुम्हीच तर शिकवलंत. हे म्हटलं असतं तर पाठीवर हात पडला असता, बिस्तरा बांधायची गोष्टही विरून गेली असती. तोंडाशी आलं होतं. पण चित्रा ऐकत होती. तिच्यासमोर तिच्यासारखं गोड बोलायचं, हे मला मेले तरी जमलं नसतं.

"माझं लक्ष पेशंटकडं नव्हतं," मी म्हटलं. "चित्राकडं होतं. दिवसभर असतं. मी जळते तिच्यावर. ती केस कसे बांधते, घास कसा घेते, मला सगळं पाठ आहे. फटका मारायच्या आधी तिचा हात हवेत थांबतो. तो थांबलेला असतानाच पाय उडाला. दुसऱ्या कुणाचा हात असता, तर मला कळलंही नसतं."

ससाणे सिस्टरनी "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"तिसऱ्यांदा नाव घेतलंस," टीचर म्हणाल्या.

"हो."

टीचरनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग चित्राकडं वळल्या. "तुला काय सांगायचंय?"

चित्रानं नाक ओढलं. "मी मावशीशी बोलत होते, टीचर. गुडघ्याकडं बघतच नव्हते. पायाचा धक्का हाताला लागला, म्हणून आहे म्हटलं." मग ती म्हणाली, "हिला घरी नका पाठवू. हिची ड्यूटी माझ्यासोबत लावा. प्रत्येक सुईला."

"भांडाल दोघी."

"भांडू," चित्रा म्हणाली. "ही नजर काढत नाही ना माझ्यावरून, मग तिथंच उभी राहू दे."

मला तिचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. माझी शाळा वाचली होती, आणि ती वाचवायची संधीसुद्धा हिलाच मिळाली होती.

सिंधू तिच्या पायानं चालत घरी गेली, मूठभर पोर पदरात घेऊन. फुटलेल्या सिरिंजबद्दल मला सत्र संपेपर्यंत बेडपॅनची ड्यूटी लागली. वर्षाच्या शेवटी उत्तम विद्यार्थिनी म्हणून चित्राचं नाव पुकारलं, मी दोन बोटांनी टाळ्या वाजवल्या. आमची मैत्री झाली, असं कुणी समजू नये. तिची खोबऱ्याची वडी मी कधी खाल्ली नाही.

पण सिंधूच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशीच झटक्यांची आणखी एक बाई आली होती. सोबत तिची सासू. मी सासूला पायथ्यापासून उठवून उशाशी बसवलं आणि म्हटलं, "आजी, सुनेच्या पायाला हात लावायचा नाही. पाय उडाला तर सुई देतो. नाही उडाला तर सुई दिल्यानं ती मरेल, मग दुसरं औषध आहे आपल्याकडं, ते देतो. काय सांगितलं, सांगा बघू मला." तिनं परत म्हणून दाखवलं. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर सांगितलं.

लघवीची पिशवी मी माझ्या हातानं रिकामी करून मोजली होती. चित्रानं गुडघा उचलला. या वेळी ती सासूकडं बघत नव्हती, कुणाकडंच बघत नव्हती. हात वर नेला आणि गुडघ्यावरची नजर न काढता विचारलं, "बघतेस ना?"

"मला दुसरं येतंच काय," मी म्हटलं. "मार."